आवाहन, यादी आणि पोच : दुष्काळनिधीपासून मदतनिधीपर्यंत वृत्तपत्रव्यवहाराचा एक मागोवा

१. विषयाची मांडणी

नैसर्गिक आपत्ती कोसळली की वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर बातमीशेजारी एक चौकट येते. संकटाचे स्वरूप तीत चार ओळींत सांगितलेले असते, वाचकांना 'फूल ना फुलाची पाकळी' देण्याची विनंती केलेली असते आणि देणगी कोठे, कोणाच्या नावे द्यावी याचा तपशील असतो. पुढील दिवसांत देणगीदारांच्या याद्या छापल्या जातात. काही महिन्यांनी बांधलेल्या शाळेचे किंवा घरांचे छायाचित्र येते आणि व्यवहार पूर्ण झाल्याचे मानले जाते. आवाहन, यादी आणि पोच अशा तीन अंगांचा हा लेखनप्रकार वाङ्मयेतिहासाच्या कक्षेत सहसा घेतला जात नाही. वृत्तपत्रांचे इतिहासकार त्याला समाजसेवा म्हणून दोन ओळींत आटोपतात आणि वाङ्मयाचे अभ्यासक त्याला व्यवहार म्हणून सोडून देतात. वस्तुतः दुःखाचे कथन कोणी करावे, कोणाला उद्देशून करावे आणि त्या कथनाने वाचकाकडून काय मागावे, हे वाङ्मयाचेच प्रश्न या प्रकारात उघडपणे उभे राहतात.

या प्रकाराचा दख्खनमधील प्रारंभ शोधताना आजच्या राज्यांच्या सीमा बाजूला ठेवाव्या लागतात. बेंगळूर जिल्ह्यातील देवनहळ्ळी हे गाव आज त्याच्या लगत २००८ मध्ये सुरू झालेल्या विमानतळामुळे ओळखले जाते. इतिहासाच्या वाचकाला ते टिपूचे जन्मस्थान म्हणून आणि शहाजीराजांच्या बेंगळूर जहागिरीच्या परिसरातील एक ठाणे म्हणून ठाऊक असते. १८७६ ते १८७८ या वर्षांत मात्र हा प्रदेश वेगळ्याच नकाशात होता. पुणे, सोलापूर, कलादगी, बल्लारी आणि मैसूर प्रांत अशा सलग पट्ट्यात पाऊस हुकला, तळी आटली आणि एकच दुष्काळ पसरला. मुंबई आणि मद्रास हे इलाके आणि तेव्हा ब्रिटिश कमिशनच्या कारभाराखाली असलेले मैसूर संस्थान अशा तीन प्रशासनांखाली हा पट्टा विभागला होता. १८७१ च्या शिरगणतीत मैसूरची लोकसंख्या पन्नास लाखांवर होती, ती १८८१ मध्ये सुमारे बेचाळीस लाखांवर आली. दहा वर्षांतील नैसर्गिक वाढ जमेस धरली तर ही तूट वरवर दिसते त्याहून मोठी ठरते.

या दुष्काळाची नावेही तुलनेला उपयोगी आहेत. शके १७९८ च्या संवत्सराचे नाव धाता. तमिळमध्ये हा दुष्काळ 'तादु' वर्षाचा, तेलुगूत 'धात' वर्षाचा आणि कन्नडमध्ये पुढील ईश्वर संवत्सर जोडून 'धातु-ईश्वर' असा लोकस्मृतीत राहिला. तमिळमध्ये तर त्यावर कुम्मीगीते रचली गेली. मराठी लोकस्मृतीत मात्र दुष्काळाचे नाव घेतले की चौदाव्या-पंधराव्या शतकांच्या सांध्यावरील दुर्गादेवीचाच दुष्काळ आठवतो. १८७७ चा दुष्काळ मराठीत गीतापेक्षा अधिक करून अर्ज, अहवाल, पत्र आणि वर्तमानपत्र यांच्या गद्यात उतरला. म्हणूनच या गद्याकडे बारकाईने पाहणे आवश्यक ठरते.

२. १८७७ : एकाच दुष्काळाची तीन गद्ये

४ ऑगस्ट १८७७ रोजी मद्रासमध्ये गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांच्या अध्यक्षतेखाली जाहीर सभा झाली. लंडनच्या लॉर्ड मेयरकडे आणि इंग्लंडमधील इतर शहरांकडे तारेने मदतीची मागणी करण्यात आली आणि वृत्तपत्रांनाही त्याच वेळी कळविण्यात आले. त्यातून मॅन्शन हाउस निधी उभा राहिला. मद्रासमधील कार्यकारी समितीचे चिटणीस विल्यम डिग्बी हे 'मद्रास टाइम्स'चे संपादक होते. दुष्काळाची बातमी देणारा आणि दुष्काळासाठी पैसा गोळा करणारा माणूस एकच असावा, ही गोष्ट आज सवयीची वाटते, पण त्या वेळी ती नवी होती. १८७८ मध्ये डिग्बी यांनी या मोहिमेचा इतिहास दोन खंडांत प्रसिद्ध केला. मद्रास, मुंबई आणि मैसूर या तिन्ही प्रदेशांना त्यांनी एकाच ग्रंथात आणले.

या निधीला व्हाइसरॉय लिटन यांचा प्रारंभी विरोध होता. त्याचे एक कारण प्रशासकीय होते. खासगी धर्मादाय आणि सरकारी मदत यांची सरमिसळ झाली तर खर्चावर आणि शिस्तीवर ताबा राहणार नाही, अशी त्यांची धारणा होती. दुसरे कारण उघड बोलले जात नसले तरी समजण्यासारखे आहे. परदेशातील वाचकाकडे मागितलेली मदत म्हणजे राज्यकर्त्याच्या अपुरेपणाची जाहीर कबुलीच. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत दरबार भरवून साम्राज्ञीपदाची द्वाही फिरविणाऱ्या सरकारला त्याच वर्षाच्या ऑगस्टात आपल्या प्रजेसाठी भिक्षापात्र फिरताना पाहणे सोयीचे नव्हते. पुढे तडजोड झाली. जीव जगविण्याचे काम सरकारचे आणि त्यापलीकडचे निधीचे, असा विभाग ठरला. कुणब्याला बी-बियाणे, जनावरे आणि मोडलेले घर सावरण्यासाठी पैसा देण्यावर निधीचा मोठा भाग खर्च झाला. या विभागणीचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

मद्रासच्या आवाहनाचा वाचक दूरचा होता. त्याला दख्खनचा भूगोल ठाऊक नव्हता, म्हणून आवाहनाला चित्राची जोड हवी होती. डब्ल्यू. डब्ल्यू. हूपर या लष्करी अधिकाऱ्याने मद्रासकडील दुष्काळग्रस्तांची छायाचित्रे घेतली आणि लंडनच्या सचित्र साप्ताहिकांनीही कोरीव चित्रांतून दुष्काळ आपल्या वाचकांपर्यंत पोहोचविला. हाडांचे सापळे झालेली माणसे ओळीने बसवून हूपरने त्यांचे फोटो काढले, पण त्यांच्यासाठी काही केले नाही, अशी टीका त्याच्यावर झाली. आपत्तीच्या प्रतिमेविषयी आज जी नैतिक अस्वस्थता व्यक्त होते तिचा प्रारंभ असा फार मागे जातो.

पुण्यातील गद्य याहून वेगळे होते. २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने तालुक्यातालुक्यांतून माहिती मागविली आणि दुष्काळाची वृत्तान्तपत्रे तयार करून मुंबई सरकारकडे पाठविली. पीक किती आणे, धान्याचा भाव काय, कामावर किती माणसे, किती गुरे विकली गेली, अशी या वृत्तान्तांची रीत होती. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुरी कमी करून ती एक पौंड धान्य आणि वर अल्पसे पैसे इथवर आणली, तेव्हा मुंबई इलाख्यातील मजुरांनी काम सोडले. सभेने त्यांची बाजू लिहून मांडली. या लेखनाचा वाचक दाता नव्हता. तो सरकार होता. त्याच्याकडे दया मागायची नव्हती, त्याला जबाबदारीची आठवण द्यायची होती. साहजिकच येथे विशेषणांपेक्षा आकडे अधिक आहेत. मार्च १८७८ मध्ये देशी भाषांतील वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदा आला, तो याच पार्श्वभूमीवर. इंग्रजीत निधी मागणाऱ्या संपादकाला त्या कायद्याची झळ नव्हती. मराठीत जाब विचारणाऱ्याला होती.

तिसरे गद्य या दोन्हींच्या बाहेरचे आहे. २० एप्रिल १८७७ रोजी सावित्रीबाई फुले यांनी ओतूरहून जोतीरावांना पत्र लिहिले. जुन्नर भागातील दुष्काळ, गाव सोडून जाणारी कुटुंबे आणि सत्यशोधक मंडळींनी चालविलेली मदत यांचे वर्णन त्यात आहे. पत्र छापण्यासाठी लिहिलेले नव्हते. लिहिणारी व्यक्ती स्वतः मदतीच्या कामात होती आणि ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांच्यामध्ये राहून लिहीत होती. त्याच वर्षी कृष्णराव भालेकरांनी पुण्यात 'दीनबंधु' सुरू केले. सत्यशोधक समाजाने धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांसाठी आश्रम चालविला. मद्रासच्या आवाहनात दुष्काळग्रस्त हा चित्राचा विषय आहे आणि पुण्याच्या वृत्तान्तात तो आकड्याचा घटक आहे. ओतूरच्या पत्रात तो शेजारी आहे. पुढील सव्वाशे वर्षांच्या वृत्तपत्रीय मदतलेखनात पहिली दोन गद्ये वाढत गेली आणि तिसरे क्वचितच दिसले.

३. १८९६ ते १९०० : हक्काचे पत्रक आणि अनाथाचे छायाचित्र

१८९६ च्या दुष्काळापर्यंत परिस्थिती दोन बाबतींत बदलली होती. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर मदतीचे नियम संहितेच्या रूपाने लेखी झाले होते, आणि ४ जानेवारी १८८१ रोजी सुरू झालेला 'केसरी' मराठीतील प्रभावी पत्र झाला होता. १८९५ मध्ये सार्वजनिक सभा टिळकांच्या प्रभावाखाली आली होती. या दोन गोष्टींच्या संयोगातून एक विलक्षण लेखनप्रयोग घडला. दुष्काळ संहितेतील तरतुदी सोप्या मराठीत आणून 'केसरी'ने आणि सभेच्या पत्रकांनी त्या रयतेपर्यंत पोहोचविल्या. पीक बुडाले असता शेतसाऱ्याची तहकुबी कशी मागावी आणि काम मागणाऱ्याला काम देणे सरकारला कसे बंधनकारक आहे, हे त्यांत सांगितले जाई. आवाहनाची दिशाच येथे उलटली. दात्याला उद्देशून 'द्या' म्हणण्याऐवजी पीडिताला उद्देशून 'मागा' असे म्हटले गेले. सरकारी परिभाषेचे लोकभाषेत झालेले हे रूपांतर आपल्या भाषांतरचर्चेत जवळजवळ अनुल्लेखित राहिले आहे.

टिळकांनी निधी आणि मदत यांचा मार्ग सोडला होता असे नव्हे. पुण्यात स्वस्त धान्याची दुकाने उघडली गेली, सोलापूरच्या विणकरांसाठी योजना मांडली गेली आणि प्लेग आल्यावर रुग्णालयही चालविले गेले. परंतु सरकारला डाचले ते पत्रक. सभेच्या प्रचारकांवर खटले भरले गेले आणि १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. त्याच वर्षी सरकारच्या आश्रयाने भारतीय दुष्काळ धर्मादाय निधी उभा राहिला. त्याची उद्दिष्टे चार होती : सरकारी मदतीवर असलेल्यांना जास्तीच्या सोयी, अनाथांचा सांभाळ, कामावर येण्यास संकोचणाऱ्या प्रतिष्ठित गरिबांना साहाय्य, आणि शेतकऱ्याला पुन्हा उभे करण्यासाठी बी-बियाणे व जनावरे. १८७७ मध्ये वादातून निघालेला विभाग आता नियम झाला होता. निधीचे आवाहन सरकारला मान्य होते आणि हक्काचे आवाहन अमान्य. एकाच दुष्काळातील दोन आवाहनांना मिळालेली ही दोन उत्तरे ध्यानात ठेवावी लागतात.

१९०० च्या दुष्काळात दाता आणखी दूर गेला. न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेराल्ड' या साप्ताहिकाने आपल्या वाचकांकडून निधी गोळा केला आणि मक्याने भरलेले 'क्विटो' नावाचे जहाज मुंबईला आले. मराठी प्रदेशात त्या मदतीचा एक मार्ग अमेरिकन मराठी मिशनमधून, म्हणजे अहमदनगर परिसरातील अनाथाश्रमांतून जात होता. एका वाचकाने वर्षाला ठरावीक रक्कम द्यावी आणि एका मुलाचा सांभाळ व्हावा, अशी ती योजना होती. दुष्काळ हे लाखोंचे संकट असते. वाचकाच्या मनात मात्र एक चेहरा बसवावा लागतो. अनाथ मूल हा चेहरा त्यासाठी सर्वांत सोयीचा, कारण त्याला भूतकाळ विचारला जात नाही. शेतसारा, सावकार, मजुरीचा दर यांपैकी काहीच त्या चेहऱ्याला चिकटलेले नसते. पंडिता रमाबाईंनीही या वर्षांत दुष्काळी भागांतून मुली-स्त्रिया केडगावच्या मुक्तिसदनात आणल्या आणि परदेशी साहाय्यकांना इंग्रजीतून वृत्तान्त कळविले. फरक असा की रमाबाईंनी स्वतः दुष्काळात आईवडील गमावले होते. दाता आणि पीडित यांच्या मध्ये उभे राहून लिहिणारी ही व्यक्ती दोन्ही बाजूंची भाषा जाणत होती.

४. यादी : एक दुर्लक्षित संहिता

मराठी आवाहनाच्या शब्दकळेत दान, देणगी, वर्गणी, मदत, निधी, फंड हे शब्द शेजारी नांदतात, पण ते समानार्थी नाहीत. दानाला पुण्य अभिप्रेत असते आणि वर्गणीला सहभाग. 'फंड' हा शब्द विसाव्या शतकाच्या प्रारंभी पैसाफंडाच्या चळवळीने घरोघरी नेला आणि त्याला क्षुद्र रकमेची प्रतिष्ठा मिळाली. 'आवाहन' हा तर मूळचा पूजेतला शब्द. षोडशोपचारांत देवतेला बोलाविण्याचा तो पहिला उपचार. वृत्तपत्रीय आवाहनात ज्याला बोलाविले जाते तो मात्र दाता असतो.

आवाहनानंतर येणारी यादी वाचनीय मानली जात नाही, परंतु ती वाचली जाते, हे कोणाही संपादकाला माहीत असते. १८९५ मध्ये रायगडावरील शिवस्मारकासाठी 'केसरी'ने निधी जमविला, तेव्हा लहान लहान रकमा देणाऱ्यांची नावे प्रसिद्ध करण्याची प्रथा दृढ झाली. अशा यादीत दोन ओढी एकाच वेळी काम करतात. एका बाजूला नाव छापून येण्याची इच्छा असते. दुसऱ्या बाजूला 'एक सद्गृहस्थ', 'एक हितचिंतक', 'गुप्तदान' अशा नोंदी असतात, कारण उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये हा संस्कारही तितकाच खोल असतो. शाळेचा वर्ग, गिरणीतील खाते, महिला मंडळ, गणेशोत्सव मंडळ अशा सामूहिक देणगीदारांमुळे यादी त्या त्या काळच्या संस्थाजीवनाचा नकाशा होते. त्या नकाशात कोण आहे याबरोबर कोण नाही हेही दिसते. देणाऱ्याचे नाव आणि रक्कम छापली जाते. घेणाऱ्याचे नाव छापले जात नाही. छापले तर त्याचा संकोच होईल, असे त्याचे समर्थन केले जाते, आणि ते खोटेही नाही. तरीही परिणाम असा होतो की संकटाच्या लेखी स्मृतीत दाते नावानिशी उरतात आणि पीडित 'ग्रस्त' या सामासिक पदात विरून जातात.

५. विसाव्या शतकातील दोन वाटा

स्वातंत्र्यानंतर हक्काचे गद्य आणि निधीचे गद्य यांच्या वाटा अधिक स्पष्टपणे वेगळ्या झाल्या. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात खडी फोडण्याची आणि नालाबांधाची कामे निघाली. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेला पुढे कायद्याचे रूप आले. १९७७ मध्ये संमत झालेला हा कायदा १९७९ मध्ये अमलात आला. काम मागणाऱ्याला काम देणे बंधनकारक, हे १८९६ च्या पत्रकातील सूत्र ऐंशी वर्षांनी राज्याच्या कायद्यात उतरले, आणि २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याला तो अनुभव उपयोगी पडला. या वाटेवर देणगीदारांची यादी नव्हती, कारण देणारा सार्वजनिक करदाता होता.

दुसरी वाट मदतनिधीची. भूकंपाला दुष्काळासारखी मंद गती नसते. तेथे हक्काचा अर्ज लिहिण्याइतका अवसरही मिळत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी परिसर हादरला. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली. अधिकृत आकडा आठ हजारांच्या जवळपास आहे. बावन्न गावांचे स्थलांतर करून पुनर्वसन करावे लागले. देशभरातील वृत्तपत्रसमूह निधी घेऊन पुढे आले. त्यांत कोट्टयमहून निघणाऱ्या 'मलयाळ मनोरमा'ने वाचकांच्या देणग्यांतून लातूर जिल्ह्यातील बाणेगाव नव्याने उभारले. मराठी न वाचणाऱ्या वाचकांनी मराठी गाव बांधले, ही घटना तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने थांबून पाहावी अशी आहे. मलयाळम आवाहनात मराठवाड्याचे चित्र कसे उभे केले गेले, कोणती उपमा, कोणता आप्तशब्द त्या वाचकाला गावाजवळ घेऊन आला, याचा अभ्यास दोन भाषांच्या अभ्यासकांनी मिळून करण्याजोगा आहे.

येथे वृत्तपत्राची भूमिका बदललेली दिसते. डिग्बी निधी गोळा करून तो समितीकडे देत होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस वृत्तपत्रसमूह स्वतःच विश्वस्त संस्था स्थापून गाव बांधू लागले. पुण्यात 'सकाळ रिलीफ फंड', बेंगळूरमध्ये १९४८ साली सुरू झालेल्या 'डेक्कन हेराल्ड' आणि 'प्रजावाणी' यांचा मदत विश्वस्तनिधी, ही याची उदाहरणे होत. २०१३ च्या दुष्काळात 'सकाळ'च्या निधीतून तलावांतील गाळ काढण्यासारखी कामे झाली. आपत्ती ओसरल्यावर सांत्वन करण्यापेक्षा ती पुन्हा येऊ नये म्हणून खर्च करणे शहाणपणाचे, यात शंका नाही. पण तलावाचा गाळ काढणे हे मुळात सार्वजनिक बांधकामाचे कर्तव्य. ते वाचकाच्या देणगीतून होऊ लागले, की ते का झाले नव्हते हा प्रश्न विचारणारा अग्रलेख आणि ते झाल्याचा आनंद व्यक्त करणारी बातमी एकाच संपादकाला लिहाव्या लागतात. १८७७ मध्ये मद्रास आणि पुणे या दोन शहरांत वाटलेली कामे आता एकाच इमारतीत आली. त्यांतील जाब विचारण्याचे काम मागे पडू नये, याची हमी केवळ त्या पत्राच्या वृत्तीवर अवलंबून राहते.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुराने सांगली, कोल्हापूर आणि बेळगाव हे जिल्हे एकाच वेळी बुडाले. पाण्याने सीमा पाळली नाही. मदतीचे हिशेब मात्र दोन राज्यांच्या दोन खात्यांत झाले. १८७७ मधील तीन प्रशासनांच्या विभागणीची येथे आठवण होणे अपरिहार्य आहे.

६. समारोप

या मागोव्यातून एवढे म्हणता येते की आपत्तीच्या आवाहनाचा इतिहास हा केवळ उदारतेचा इतिहास नाही. दुःखाच्या कथनाचा श्रोता कोण, यानुसार त्याचे गद्य बदलले आहे. श्रोता दूरचा दाता असला की चित्र आणि अनाथ मूल पुढे आले. श्रोता सरकार असला की आकडे आणि संहिता पुढे आल्या. श्रोता स्वतः पीडित असला, तेव्हा ते लेखन गुन्ह्याच्या कक्षेत ओढले गेले. निधीने असंख्य घरे उभी केली आहेत आणि त्या घरांत राहणाऱ्याला या चिकित्सेचे महत्त्व वाटण्याचे कारण नाही. तथापि देणगीने जे मिळते त्याची पोच द्यावी लागते आणि हक्काने जे मिळते त्याची द्यावी लागत नाही. हा भेद भाषेत टिकवून ठेवणे हे वृत्तपत्राइतकेच वाङ्मयाचेही काम आहे.

बेंगळूर जिल्ह्यातील तळी ज्या वर्षी आटली, त्याच वर्षी जुन्नरची कुटुंबे गाव सोडून निघाली होती. ती कोठे गेली, त्यांनी कोणती गाणी म्हटली, कोणाकडे काय मागितले, हे ना मॅन्शन हाउसच्या हिशेबात आहे ना देणगीदारांच्या यादीत. ओतूरच्या एका पत्रात त्याची थोडी चाहूल आहे. तमिळ कुम्मी आणि कन्नडमधील धातु-ईश्वराच्या आठवणी त्या पत्राशेजारी ठेवून वाचल्या, तर यादीत नसलेल्या या माणसांचा शोध पुढे नेता येईल.